कॅमेऱ्यामागची

माझा कॉम्प्युटर सुरू व्हायला सहा मिनिटं घ्यायचा. मी घड्याळ लावून मोजली होती. बटण दाबायचं, आतला पंखा घरघरायला लागला की स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा, गाळायचा, आणि कप घेऊन परत यायचं. तोवर पडद्यावर जेमतेम निळा रंग उमटलेला असायचा. त्यानंतर फोटोंचा प्रोग्रॅम उघडायला आणखी चार मिनिटं. तेवढ्यात चहा संपायचा आणि माझी चिडचिड सुरू व्हायची.

यंत्र अकरा वर्षांचं होतं. मी एका वर्तमानपत्राच्या फोटो विभागात नोकरीला होते, तेव्हा हौसेनं घेतलेलं. पुढे आई अंथरुणाला खिळली, मी नोकरी सोडली आणि याच यंत्रावर घरून काम करू लागले. चार-पाच स्टुडिओ मला त्यांचे फोटो दुरुस्तीला पाठवायचे. कुणाच्या गालावरचा डाग, कुणाच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा विजेचा खांब, आणि घटस्फोट झाला की कुटुंबाच्या फोटोतला जावई. जावई काढण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. तो होता तिथे मागची भिंत, पडदा, शेजारच्या मेव्हणीचा अर्धा खांदा असं सगळं मी भरून काढायचे. त्या माणसाच्या सख्ख्या आईलाही कळलं नसतं.

टेबल आईच्या खोलीत होतं, कारण तिथे उत्तरेची खिडकी आहे आणि पडद्यावर चकाकी येत नाही. आईची खाट भाड्यानं आणलेली होती. ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी माणसं येऊन घेऊन गेली. दहा महिने झाले त्याला.

आई तीन वर्षं दोन महिने अंथरुणात होती. अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरले ते मोजून दहा-बारा शब्द. पाणी, नको, दुखतं, दार, उजेड. त्यांत 'ताई' हा शब्द होता. 'छकू' नव्हता. छकू म्हणजे मी. मला हाक मारायची तर ती नुसतं "ए" करायची. मी उशी सरळ करत असले, तिला पुसत असले, चमच्यात गोळी कुस्करत असले, तरी मधूनच दाराकडे बघायची आणि विचारायची, "ताई? ताई आली?"

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं घर सात तासांच्या अंतरावर. त्या तीन वर्षांत ती दोनदा आली.

फोटो काढायला मी सुरुवात केली ती नर्सबाईंमुळे. त्या दर सोमवारी यायच्या. आईच्या पाठीला झोपून झोपून जखम झाली होती. ती भरतेय की चिघळतेय हे समजायला त्यांना आठवड्याआठवड्याचे फोटो हवे असायचे. डाव्या हातानं आईला कुशीवर धरून मी उजव्या हातानं फोटो घ्यायचे, छापून त्यांच्या फायलीला द्यायचे. मग कॅमेरा हाताशीच राहू लागला. जखमेनंतर तिच्या तोंडाचा एखादा. चष्मा लावून खिडकीबाहेर बघतानाचा एखादा. असे करता करता तीन हजार चारशे बारा फोटो झाले. त्यांतल्या एकाही फोटोत मी नाही. फोटो काढणारा फोटोत नसतो, त्यात नवल काय? पण आई कॅमेऱ्याकडे बघत असायची, म्हणजे माझ्याकडे. इतरांना ते कळलं नसतं. मला ते पुरायचं.

ताईचा फोन आला तेव्हा मी एका नवऱ्यामुलाचे दात पांढरे करत होते.

"छकू, तू पाठवलेस ते फोटो बघितले," ती म्हणाली. "सुंदर आहेत. आईला जाऊन वर्ष होईल तेव्हा सगळ्यांना बोलावतेय मी. प्रत्येकाला आईच्या फोटोंचं एकेक पुस्तक द्यायचं, असं मनात आहे."

"दे की."

"पण मी कुठेच नाहीये गं त्यांत."

"तू कुठेच नव्हतीस, ताई."

तिकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"तेच म्हणतेय ना. लोकांना काढतेस तशी मला घाल. तुझ्या हातचा मळ आहे तो. दोन-चार फोटोंत फक्त. मुली विचारतात, आजीचं तू काय केलंस. काय सांगू त्यांना?"

"खरं ते सांग."

"तुला काय जातंय गं?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचे अकरा फोटो पाठवले. पांढऱ्या भिंतीसमोर खुर्चीवर बसून, थोडी पुढे वाकून, समोर कुणी झोपलंय अशा बेतानं हात पुढे केलेले. तिनं ऋतूंचाही विचार केला होता. चार फोटोंत करड्या रंगाचा स्वेटर, पाचांत बिनबाह्यांचे सुती कपडे, दोनांत ओले केस. तीन वर्षांत आईसाठी तिनं घेतलेले हे सगळ्यात मोठे कष्ट असावेत.

मी नाही म्हणू शकले असते. नाही म्हटलं नाही. त्याला एक कारण होतं, पण त्याबद्दल मी तेव्हा स्वतःशीही बोलत नव्हते.

एक फोटो निवडला. आई उशीला टेकून बसलीय, अंगावर तपकिरी शाल, डावा हात पांघरुणावर उघडा पडलेला. त्या हातात ताईचा हात द्यायचा होता. काम अवघड नव्हतं, यंत्र अवघड होतं. ब्रश एकदा फिरवला की चाळीस सेकंद काही हलायचं नाही. तिसरा लेयर चढवला की पडदा गोठायचा. दोन दिवसांत दोनदा सगळं गेलं. तिसऱ्या दिवशी मी रेडिओकाकांना बोलावलं.

रेडिओकाकांचं दुकान समोरच्या इमारतीत तळमजल्यावर आहे. ते पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर करतात; नाव मात्र तेच राहिलं. त्यांनी कॅबिनेटची बाजू काढली, आतली धूळ ब्रशनं झाडली, आणि टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिले.

"याच्या पोटात अजून फिरती तबकडी आहे, पोरी," ते म्हणाले. "फोटो सोड, याला स्वतःचं नाव आठवायचं तरी आधी चार गरागरा फेऱ्या मारायला लागतात."

"नवीन घ्यावा लागेल का?"

"कशाला? बाकी सगळं ठणठणीत आहे. डिस्क बदलू. एसएसडी टाकू, बघ कसा पळतो ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ती घेऊन आले. बिस्किटाएवढी चपटी, हलकी वस्तू. जुनी डिस्क हातात घेतली की वजन लागायचं. हिला काहीच वजन नव्हतं. "हिच्यात हलणारं काही नाही," काका म्हणाले. दोन्ही डिस्क केबलला जोडून त्यांनी जुनीवरचं सगळं नवीवर उतरवायला लावलं. साडेदहाला सुरू झालं ते चारला संपलं. तेवढा वेळ काका पेपर वाचत बसले होते, मध्ये एकदा घरी जेवून आले. मग त्यांनी माझ्यासमोर मोजदाद केली. आईच्या फोल्डरात जुन्या डिस्कवर तीन हजार चारशे बारा फोटो, नवीवर तीन हजार चारशे बारा. आकारही शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. जुनी डिस्क त्यांनी एका रुपेरी पिशवीत घालून टेबलाच्या खणात ठेवली.

"टाकू नकोस हिला. नवीत काही गडबड झाली, तर मूळ हिच्यात आहे."

यंत्र चौदा सेकंदांत सुरू झालं. चहा टाकायला उठायचीही उसंत नाही. नुसती टिचकी मारली की फोटो समोर. ब्रश हाताबरोबर फिरू लागला. ताईचा फोटो मी दीड तासात पुरा केला. शालीच्या कडेची सावली तिच्या मनगटावर घेतली. तिच्या उजव्या मनगटावर लहानपणी इस्त्री लागल्याचा डाग आहे, त्याच्यावर खिडकीचा उजेड पाडला. आईची बोटं किंचित मिटवून तिच्या हातावर आणली. काम उत्तम झालं होतं, हे मीच सांगायला हवं, कारण दुसरं कुणी सांगणार नव्हतं. वेगळं नाव देऊन मी तो जपून ठेवला आणि पाठवून दिला.

"बघ, जमलं की," ताईचा निरोप आला. "अजून तीन कर."

बुधवारी दुपारी मी दुसरा फोटो निवडायला बसले. दुसऱ्या हिवाळ्यातला एक उघडला. आई झोपलेली, बाजूला औषधांचं टेबल, टेबलाशेजारी स्टूल.

आमच्याकडे एकच लाकडी स्टूल आहे आणि ते स्वयंपाकघरात असतं. या खोलीत ते कधी आणल्याचं मला आठवेना. पण तीन वर्षांत कितीदा काय इकडचं तिकडे झालं असेल. मी पुढे गेले.

पुढच्या फोटोत, उजव्या कडेला, करड्या स्वेटरची बाही होती. कोपरापर्यंत.

मी म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं. पहिल्या फोटोच्या वेळी ताईला इकडे ठेवून बघ, तिकडे ठेवून बघ असं केलं होतं, त्यातला एखादा प्रयत्न भलत्याच फायलीवर जपला गेला असेल. फाईल तपासली. कॅमेऱ्यातून उतरलेली मूळ फाईल होती. माझा प्रोग्रॅम या फायलींवर काही लिहूच शकत नाही, फक्त वाचतो. तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

मग मी क्रमानं बघायला लागले. वेग होता आता. बोट दाबून धरलं की फोटो सरसर पुढे जायचे. पाठमोरा खांदा. उशीखालून आलेला हात. औषधाचा चमचा धरलेली बोटं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ती पूर्ण दिसली. खाटेच्या कडेला बसलेली ताई, आईचं तोंड टिपत होती.

जोडकाम ओळखायला मला दोन सेकंद लागतात. सावली खोटं बोलते, नाहीतर केसांची कड बोलते. इथे काहीच खोटं नव्हतं. आणि तिनं पाठवलेल्या अकरा फोटोंपैकी हा एकही नव्हता. तिच्या अंगात निळा गाऊन होता, खिसा उसवलेला. तो गाऊन माझा होता. माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात तो तेव्हाही होता. मी उठून बघून आले.

खणातून मी जुनी डिस्क काढली. काकांनी दाखवलं होतं तशी केबलला जोडली. ती घरघरत फिरायला लागली. पहिला फोटो उघडायला तिनं तिच्या सवयीप्रमाणे भरपूर वेळ घेतला. आधी खिडकी आली, मग उशी, मग आई, मग ताई.

मी फोटो पाठोपाठ बघत राहिले. ताई महिन्यागणिक वाळत गेली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. कानावरचे केस पांढरे झाले, आणि दुसऱ्या वर्षापासून ते रंगवायचेही तिनं सोडून दिले होते. त्या तीन वर्षांत माझं जे जे झालं, ते तिचं झालं होतं.

आई आता कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ती ताईकडे बघत होती.

छापलेला फोटो बदलत नाही. कागद आहे तो. गुरुवारी सकाळी मी नर्सबाईंच्या दवाखान्यात गेले. त्यांनी मला लगेच ओळखलं, याचं मला बरं वाटलं. आईची फाईल हवी म्हटल्यावर कपाटातून काढूनही दिली. सोमवारचे सगळे फोटो तारखांप्रमाणे चिकटवलेले होते. माझ्याच छपाईयंत्राची छपाई. उजव्या कडेला ते एक बारीक रेघ सोडतं, ती प्रत्येक कागदावर होती.

प्रत्येक फोटोत आईला कुशीवर धरलेले दोन हात होते. माझा एक असायचा. डावा. उजव्यात कॅमेरा असायचा.

उजव्या मनगटावर इस्त्रीचा डाग होता.

"तुमच्या ताई ना?" नर्सबाई म्हणाल्या. "फार केलं हो त्यांनी. एकटीनं उचलायच्या."

"आणि मी?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. प्रेमानंच बघितलं.

"तुम्हीही यायचात की," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी मी शेवटचा फोटो उघडला. तो मी कधीच कुणाला पाठवला नव्हता. ताईला नाही न म्हणण्याचं कारणही तेच. आता सांगते.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता आईचा श्वास बदलला. नर्सबाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, असा आवाज आला की घरच्यांना कळवा. मला कळलं होतं. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. आई "ताई, ताई" करत होती. मला वाटलं, तीन वर्षं केलं ते मी, आता शेवटचे चार तास तरी माझे असू देत. तीन वाजता फोन केला. ताई तशीच निघाली. आई सव्वासहाला गेली, ताई दहाला पोचली. अकराला सांगितलं असतं, तर सहाला पोचली असती. हे गणित मी तिला कधी करू दिलं नाही. "अचानक झालं," एवढंच सांगितलं.

शेवटचा फोटो पाच चाळीसचा आहे. त्यात आई दाराकडे बघत होती.

आता त्यात ताई होती. उशीशी बसून तिनं आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आईचे डोळे वर, तिच्या चेहऱ्यावर. तीन हजार चारशे बारा फोटोंत मी आईला कधी हसताना पकडू शकले नव्हते. इथे ती हसत होती, एका बाजूनं, जेवढं तिला हसता येत होतं तेवढं.

आईच्या चष्म्याच्या काचेत खिडकीचा उजेड पडला होता. मी फोटो मोठा केला. जुन्या डिस्कवर असं करायला मिनिट गेलं असतं. आता झटक्यात काच पडद्याएवढी झाली.

काचेत खोली दिसत होती. खिडकी, दार, आणि त्यांच्या मध्ये तीन पायांच्या स्टँडवर उभा केलेला माझा कॅमेरा.

त्याच्यामागे कुणी नव्हतं.

माझ्याकडे स्टँड नाही. कधीच नव्हता.

ताई शनिवारी दुपारी आली. दार नुसतं लोटलेलं होतं. चपला काढून ती थेट आईच्या खोलीत आली. तिचे केस पांढरे होते. गेल्या वेळी काळे होते, असं मला वाटलं. नक्की सांगता येईना.

"दाखव," ती म्हणाली.

मी खुर्चीवरून उठले. ती बसली. मला न विचारता तिनं आईचं फोल्डर उघडलं आणि बघायला लागली. मी मागे उभी होते.

"ही बघ," मग ती म्हणाली, "गोळी कुस्करून दिली तरी थुंकायची. मधात दिली की घ्यायची. ते कळायला मला चार महिने लागले."

ते कळायला मला चार महिने लागले होते.

"ताई, तुला हे कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? मीच तर द्यायचे." तिचा आवाज थकलेला होता. तो थकवा मला ओळखीचा होता. "सगळं केलं, पण मला हाक मारली नाही तिनं कधी. नुसतं 'ए' करायची. नाव घ्यायची ते तुझं. 'छकू आली? छकू?' सारखी दाराकडे बघायची. किती राग यायचा मला तुझा, तुला काय सांगू!"

मला एकदम रडू आलं. आई माझं नाव घेत होती. मला ते कुणीतरी सांगावं, म्हणून मी किती वर्षं थांबले होते. कुठल्या किमतीवर सांगितलं जातंय हे समजत होतं, तरी मी म्हटलं, "परत सांग."

"छकू आली का, म्हणायची," ताई म्हणाली. पडद्यावरून नजर न काढता.

ती शेवटच्या फोटोपाशी आली. थांबली.

"तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "त्या दिवशी मला अकरालाच कळलं होतं."

मी फोटोखालची वेळ वाचली. पाच चाळीस.

"तुला फोन केला तीनला. मुद्दामच. म्हटलं, एवढं मी केलंय, शेवटचे चार तास माझे असू देत." तिनं चष्मा काढून डोळे पुसले. "अकराला केला असता, तर तू पोचली असतीस."

मला म्हणायचं होतं, ताई, ती मी. तो उशीर माझा आहे. ती जखम, तो मध, ते चार तास, सगळं माझं आहे, दे ते परत. शब्द तोंडात तयार होते. पण मी त्या दिवशीची सकाळ डोळ्यांसमोर आणायला गेले, आणि मला दिसला तो रस्ता. खिडकीची काच, मागे पळणारी झाडं, मांडीवर फोन.

"असू दे गं," मी म्हणाले.

तिनं माझा हात थोपटला. मग उठली, कॉम्प्युटर बंद केला, खिडकी लावून घेतली. खिडकीची खालची कडी अडकते, ती वर उचलून मग ओढावी लागते. तिनं न बघता वर उचलली आणि ओढली.

"चहा टाकते," ती म्हणाली. दारापर्यंत जाऊन वळली. "तू साखर घेतेस ना? आणि गाडी कितीची आहे तुझी?"

"साडेपाचची," मी म्हणाले.